बिनमाशांचा फिशटँक

"आमच्या घराला मासे लाभत नाहीत."

घराला काय लाभतं आणि काय लाभत नाही, याची आपल्याकडे प्रत्येकाची स्वतंत्र यादी असते. कुणाला दक्षिणेचं दार लाभत नाही, कुणाला काळी गाडी, कुणाला भागीदारीतला धंदा. या यादीत मासे हमखास असतात आणि त्यामागची हकिगतही घरोघरी तीच असते. रविवारी संध्याकाळी बाप पोराला घेऊन बाजारात जातो. येताना रिक्षात बापाच्या मांडीवर काचेची टाकी, पोराच्या हातात रबरबँड लावलेली फुगीर पिशवी आणि पिशवीत सहा गोल्डफिश. रात्री साडेनऊला नळाचं पाणी, गुलाबी-निळे खडे, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि मासे असं सगळं एकदमच टाकीत पडतं. सोमवारी घरातली मंडळी चक्क टीव्हीकडे पाठ करून जेवतात. बुधवारी मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन आ वासायला लागतात. "भूक लागलीय गं बिचाऱ्यांना," म्हणून जो तो येता-जाता चिमूटभर दाणे टाकतो. शुक्रवारी पहिला मासा उलटा होतो. पुढच्या रविवारी टाकी माळ्यावर जाते, पोरगं मुसमुसत बसतं, आणि आजी निकाल देते, "जाऊ दे रे. घरावरचं काहीतरी संकट होतं, ते मुक्या जिवांनी अंगावर घेतलं."

आजीचं अर्धं बरोबर असतं. संकट होतंच, पण ते पाण्यातलं होतं आणि दाणे टाकटाकून घरच्यांनीच वाढवलेलं होतं. मासा आपला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजले की त्यात भर पडते. नदीत किंवा तळ्यात हे सगळं पसरून जातं, शिवाय ते पचवणारेही तिथे असतात. दोन फुटी टाकीत तो अमोनिया जागच्या जागी साचतो, कल्ले जाळतो, मासा गुदमरून वर येतो, आणि आपण त्याला भुकेला समजून पुन्हा दाणे टाकतो.

अमोनिया पचवणारे हे कोण, तर जिवाणू. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली झुरिकमध्ये ते वेगळे करून दाखवले. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते. ते माशांना बऱ्यापैकी सोसतं आणि पाणवनस्पतींना तर खत म्हणून हवंच असतं. या दुसऱ्या कामाचं श्रेय पुस्तकं कित्येक वर्षं नायट्रोबॅक्टरला देत होती. १९९८ साली संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टाक्या नीट तपासल्या, तेव्हा कळलं की तिथे राबतोय नायट्रोस्पिरा. २०१५ साली तर दोन्ही कामं एकट्याने उरकणारे नायट्रोस्पिरा सापडले. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, ही पद्धत फक्त कचेऱ्यांमधली नाही म्हणायची.

अडचण एवढीच, की ही मंडळी फार सावकाश वाढतात. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना त्यासाठी अर्धा-एक दिवस लागतो. फिल्टरच्या स्पंजात, वाळूत, काचेवर त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तेवढा काळ टाकीत पाणी असतं, झाडं असतात, दिवा आणि फिल्टर चालू असतो. मासे मात्र नसतात. आणि मराठी घराच्या दिवाणखान्यात दीड महिना बिनमाशांचा फिशटँक सांभाळणं हे मासे सांभाळण्यापेक्षा किती अवघड आहे, ते मी आमच्या दाजींच्या घरी जवळून पाहिलंय.

दाजी कोथरूडला राहतात. कामाने लेखापरीक्षक आणि स्वभावानेही. झाडांची टाकी करायची असं त्यांनी ठरवलं तेव्हा आधी वही घेतली, मग टाकी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर, म्हणजे तेवढेच किलो नुसतं पाणी. काच, माती, दगड धरून मामला ८० किलोच्या घरात. ताईच्या मनात टाकी शोकेसवर ठेवायची होती. दाजींनी वही पुढे केली, "तुझी आई शोकेसवर कायमची बसली तर चालेल का, तेवढं सांग." ताई म्हणाली, "माझ्या आईला मध्ये आणू नका." पण शोकेस वाचली आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी स्टँड आला.

स्टँडवर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा पत्रा, त्यावर टाकी. थर्माकोल शोभेचा नसतो. खाली एखादा खडा किंवा उंचवटा राहिला तर सगळा भार त्या एका बिंदूवर येतो आणि तळाची काच तडकते, थर्माकोल तो उंचवटा गिळून टाकतो. टाकी अर्धी भरल्यावर दिसलं की डावीकडे पाणी दोन सूत वर आहे. बिल्डरने ताबा देताना जी गोष्ट सांगितली नव्हती, ती पाण्याने पाच मिनिटांत सांगितली. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "तरीच! फरशी पुसताना पाणी नेहमी त्या कोपऱ्यात कसं पळतं?" इतक्या वर्षांचं कोडं सुटल्याच्या आनंदात त्या टाकीवर खूश झाल्या. हा आनंद पुढे फार टिकला नाही.

मग दगड. महाराष्ट्रात दगडाला तोटा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने ती सोय करून ठेवलेली आहे. आपला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, त्यामुळे टाकीला उत्तम. चुनखडीचा दगड मात्र पाणी जड करतो, पीएच चढवतो, आणि पीएच चढला की त्याच अमोनियाचं विष वाढतं. म्हणून दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहायचे. फेस आला तर दगड नापास. पुण्याच्या आसपास यात एक गंमत होते. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइटबरोबर कधी कधी कॅल्साइटचे स्फटिकही असतात, आणि दिसायला अस्सल कातळ असलेला दगड मध्येच फसफसतो. सोसायटीमागे एका बांधकामाच्या ढिगापाशी दाजी ड्रॉपर घेऊन उकिडवे बसले होते. वॉचमन बराच वेळ पाहत होता. शेवटी आला.

"साहेब, दगडाला औषध?"

"परीक्षा घेतोय."

"नापास झाला तर?"

"तुमच्या बांधकामाला."

वॉचमनने मान डोलावली. पटलं असावं.

लाकडाचं प्रकरण स्वयंपाकघरात शिरलं. टाकीत ठेवायचं वाळकं मूळ आधी उकळून, भिजवून घ्यावं लागतं, नाहीतर ते तरंगतं आणि पाण्यात टॅनिन सोडत राहतं. टॅनिनने माशांचं काही बिघडत नाही, पाणी तेवढं तपकिरी होतं. दाजींनी त्यासाठी गणपतीत आमटीला काढायचं मोठं पातेलं घेतलं. तासाभराने सासूबाईंनी झाकण उचलून वास घेतला आणि विचारलं, "कशावर आहे हा काढा?" मूळ टाकीत गेल्यावर आठवड्याभरात त्यावर पांढरा, बुळबुळीत थर आला. नव्या लाकडावर तो येतोच आणि आपला आपण जातोही. पण घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे दाजींना बाजूला घेऊन "ते लाकूड सडलंय" ही बातमी दिली.

झाडं लावणं हा या सगळ्यातला खरा सुखाचा भाग, असं छायाचित्रांवरून वाटतं. ती छायाचित्रं बहुधा ताकाशी अमानो या जपानी गृहस्थाने किंवा त्याच्या शिष्यगणाने काढलेली असतात. अमानो (१९५४-२०१५) तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू होता, मग छायाचित्रकार झाला, आणि फिशटँक हा माशांचा तुरुंग नसून पाण्याखालचा देखावा आहे, ही कल्पना त्याने जगभर रुजवली. लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने ४० मीटर लांबीचा देखावा उभारला. त्याच्या पद्धतीत दगड विषम संख्येत ठेवतात आणि मुख्य दगड मधोमध कधीच नसतो. दाजींनी तीन दगड तसे तिरके मांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा दगड बरोबर मध्यभागी आणि लहान दोन त्याच्या दोन्ही बाजूंना, अशी विठ्ठल-रखुमाई-पुंडलिकाची मांडणी झालेली होती. सासूबाई म्हणाल्या, "वाकडं दिसत होतं, सरळ केलं."

रोप लावताना काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. व्हॅलिस्नेरियाचं एक रोप, हातात लांब चिमटा. मुळं चिमट्यात धरायची, मातीत तिरकी खुपसायची, चिमटा सैल करून अलगद काढायचा. चिमटा निघतो, त्याबरोबर रोपही निघतं आणि सावकाश गिरक्या घेत वर येतं. पुन्हा खुपसायचं. या वेळी ते राहतं, पण शेजारी नुकतंच लावलेलं दुसरं वर येतं. खांद्यापर्यंत हात पाण्यात, गाल काचेला टेकलेला, आणि नेमकी त्याच वेळी दाराची बेल. अनुबियस आणि जावा फर्न यांचा उलटा हट्ट. त्यांचा आडवा कंद मातीत पुरला तर कुजतो, म्हणून ती दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची, नाहीतर फेविक्विकने चिकटवायची. दाजींच्या टाकीत अनुबियस लाकडाला उत्तम चिकटला. दाजींचा अंगठाही.

पंधरवडा गेला आणि क्रिप्टोकोरिनची पानं पारदर्शक होऊन विरघळायला लागली. रोपवाटिकेत यांतली बरीच झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्यात बुडवली की जुनी पानं टाकून देऊन ती पाण्यातली नवी पानं काढतात. मुळांना हात लावला नाही तर झाड परत येतं. खरं म्हणजे क्रिप्टोकोरिन आपलंच माणूस. त्याच्या काही जाती पश्चिम घाटाच्या नद्या-ओढ्यांत आहेत, एक तर खास कोकणातली. आपण ती ओलांडून धबधब्याकडे सेल्फी काढायला जातो आणि परत येऊन प्लॅस्टिकच्या पेल्यात आलेली तिची परदेशी चुलत बहीण विकत घेतो. (ओढ्यातली उपटून आणा असं मी म्हणत नाही. आहेत तिथे राहू द्या.)

आता मुख्य मुद्दा. मासे नाहीत, तर जिवाणूंना अमोनिया कोण पुरवणार? तो आपण घालायचा. एक जुना उपाय असा, की टाकीत एक कच्ची कोळंबी टाकून कुजू द्यायची. ताईने हे फोनवर आमच्या मालवणच्या मावशीला सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "सुंगटां? आणि ती कुजवूक?" त्यानंतर मावशीने दाजींशी काही काळ अबोला धरला.

दुसरा उपाय अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. दाजी तो आणायला पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले. मी बरोबर होतो. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"कल्हई लावायचीय?"

"नाही."

नवसागराचं महाराष्ट्राला ठाऊक असलेलं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे हातभट्टी. दुकानदाराने दाजींना नव्याने न्याहाळलं.

"मग कशाला हवाय?"

"फिशटँकमध्ये टाकायला."

"मासे मरतील की."

"मासे नाहीयेत टाकीत."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी बरण्यांकडे पाहिलं.

लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया पुरतो, म्हणजे दोन फुटी टाकीला साधारण एक ग्रॅमचा तिसरा हिस्सा. दुकानात शंभर ग्रॅमच्या खाली पुडी बांधत नाहीत. त्यामुळे दाजींकडे आता जवळजवळ तीनशे टाक्यांचा नवसागर आहे. कुणाला हवा असल्यास त्यांना आनंदच होईल. मात्र तो शुद्ध असल्याची खात्री करून घ्यावी, कल्हईचा माल टाकीत घालू नये, असं ते बजावतात.

हे सगळं टाळायचं असेल तर दुसरा पंथही आहे. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ साली पाणवनस्पतींच्या टाकीवर एक पुस्तक लिहिलं. तळाला साधी माती, वर वाळूचा थर आणि पहिल्या दिवसापासून भरपूर झाडं, हा त्यांचा मार्ग. झाडं स्वतःच अमोनिया शोषून घेतात, त्यामुळे वाट कमी पाहावी लागते. माझ्या मते आपल्याकडच्या घरांना हाच मार्ग सोयीचा. पण दाजींना झाडांवर विसंबून राहणं पटेना. झाडं वहीत नोंद ठेवत नाहीत.

वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले आणि पाहुण्यांची रीघ लागली. एरवी वर्षात न फिरकणारी माणसंही आली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, "मासे कुठायत?" काहींना वाटे ते झाडांमागे लपलेत. एक काका अर्धा तास गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बसले आणि उठताना म्हणाले, "एक दिसला मला. लहान होता." एका काकूंनी वास्तुशास्त्राप्रमाणे आठ सोनेरी आणि एक काळा असा हिशेब घालून दिला. शेजारच्या मुलाने सरळ विचारलं, "मग याला फिशटँक का म्हणता?" त्या घरात या प्रश्नाला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

दरम्यान टाकीत पहिला प्राणी आला, तोही फुकट. कुठल्याशा झाडाच्या पानामागे चिकटून आलेली मुगाएवढी गोगलगाय. झाडं आणल्यावर पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या पाण्यात थोडा वेळ बुडवून धुतली, तर अशा बिनबोलावलेल्या पाहुण्या बऱ्याच कमी होतात. पण दाजींनी तिला राहू दिलं आणि पाहुण्यांना दाखवायला काहीतरी मिळालं म्हणून तिच्यावर व्याख्यान तयार केलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवला. झाड प्राणवायू देईल, मासे झाडाला खत देतील, असा त्याचा हिशेब. पण सडलेल्या पानांनी पाणी गढूळ झालं, तेव्हा त्याने आत तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं खाल्ली आणि भांडं निवळलं. दाजी हे सांगत असताना पाहुण्यांची नजर गोगलगायीवर आणि गोगलगायीचं तोंड काचेवर असे. व्याख्यान संपलं की पाहुणे विचारत, "छान! मग मासे कधी?"

या काळात घरातल्या प्रत्येकाला काहीतरी करायची ऊर्मी येते आणि बहुतेक ऊर्म्या चुकीच्या असतात. काचेवर तपकिरी शेवाळ येतं. नव्या टाकीत ते यायचंच, काही आठवड्यांत जातंही. पण ते बघून कुणी दिवा दिवसभर चालू ठेवतं, म्हणजे झाडं जोमाने वाढतील. वाढतं हिरवं शेवाळ. सुरुवातीला सहा तास उजेड पुष्कळ झाला. कुणी नळाचं पाणी थेट ओततं. त्यातला क्लोरीन माणसांसाठी घातलेला असतो, तो जिवाणू ओळखून मारतो, त्यात आपले आणि परके असा भेद करत नाही. पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात. दुकानदार त्याबरोबर निळं औषध, पिवळं औषध आणि चमचाभर मीठही सुचवतात. मासे नसलेल्या टाकीला औषध कशाचं, हे विचारायची सोय नसते. "असू द्या, बरं असतं," हे उत्तर ठरलेलं.

रोज रात्री पाण्याची तपासणी. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा आला तर अमोनिया शून्य, हिरवा गडद होत जाईल तसा जास्त. दाजींच्या मते आलेला रंग "हिरवा" होता. ताईने नळी ट्यूबलाइटखाली धरली.

"हिरवा? हा लिंबोळी आहे."

"म्हणजे किती?"

"परवा पोपटी होता, त्याच्या अलीकडे. पहिल्या आठवड्यात सरळ शेवाळी होता."

दाजी तक्त्यावर बोट फिरवत राहिले. तक्त्यावर पोपटी, लिंबोळी असं काही छापलेलं नव्हतं. पण इतकी वर्षं साडीच्या दुकानात बाहेरच्या खुर्चीवर बसून काढलेल्या माणसाने या विषयात वाद घालायचा नसतो. वहीत "रंग" नावाचा नवा रकाना पडला आणि तो ताई भरू लागली. अमोनिया उतरला, नायट्राइट चढलं. त्याच्या नळीत निळा हवा होता, रोज जांभळा येत होता. ताईच्या नोंदी अशा: वांगी, वांगी, जांभळट, बैंगणी. मग एके रात्री तिने नळीकडे पाहून लिहिलं, "मोरपंखीकडे झुकतोय." दाजींनी त्याखाली सही केली.

आणि दिवाळी आली.

दिवाळीच्या आधीची साफसफाई कुणालाही सोडत नाही. सासूबाईंनी माळा काढला, पंखे पुसले, डबे घासले, देवघरातली चांदी उजळली आणि मग त्यांची नजर फिल्टरकडे गेली. आत काळपट तपकिरी, चिकट स्पंज. त्यांनी तो काढला, गरम पाण्यात भांड्याच्या साबणाने चोळचोळून धुतला, तीनदा पिळला आणि गॅलरीत उन्हात वाळत घातला. दाजी संध्याकाळी घरी आले, तेव्हा दोरीवर त्यांच्या दोन बनियनांच्या मध्ये त्यांचा सगळा नायट्रोस्पिरा वाळत होता.

"बघ कसा लख्ख निघालाय," सासूबाई म्हणाल्या. "केवढी घाण साठवली होतीस त्यात!"

"आई, ती घाण नव्हती."

"मग काय होतं?"

दाजींनी मोठा श्वास घेतला. "जिवाणू होते."

"अगं बाई!" त्या ताईकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं गं मी धुतला."

यावर जगातल्या कुठल्याही भाषेत उत्तर नाही. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळायचा, हे सांगण्यासारखं होतं, पण दिवाळीच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

सुटकेचा मार्ग मराठी घराला परिचयाचा निघाला. दही लागेना तर आपण काय करतो, शेजारून विरजण आणतो. तसंच जुन्या, नीट चाललेल्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज आणला तर नव्या टाकीत वस्ती झपाट्याने बसते. दाजींच्या एका मित्राकडे पाच वर्षं चाललेली टाकी होती. फरक इतकाच, की विरजणाला कुणी वाटी नाकारत नाही. दाजी स्टीलचा डबा घेऊन निघाले, ताईने तो हातातून काढून घेतला. "त्या घाणीला माझा डबा नाही." शेवटी श्रीखंडाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा मिळाला. त्यात ओला स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून ते कोथरूडला परतले. तो वाळला किंवा फार वेळ हवेशिवाय कोंडला गेला तर आतले मरतात, म्हणून दाजींनी सिग्नलला डब्याचं झाकण उघडून धरलं. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी काच नसतानाही काच वर केल्यासारखा चेहरा केला. असा स्पंज आणताना ज्या टाकीत नुकतेच मासे आजारी पडून गेलेत तिथला आणू नये. विरजणाबरोबर रोगही येतो.

थोड्याच दिवसांत ताईच्या रकान्यात "हळदी" आणि "आकाशी" एकाच रात्री पडले. म्हणजे अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पण एवढ्यावर विश्वास ठेवतील ते लेखापरीक्षक कसले? त्यांनी पुन्हा नवसागराची चिमूट टाकली आणि चोवीस तासांनी परत तपासलं. पुन्हा हळदी, पुन्हा आकाशी. टाकी तयार झाल्याची हीच खरी खूण. पाणी नितळ दिसतं म्हणून ती तयार झाली असं नाही. अमोनियाने भरलेलं पाणीही तितकंच नितळ दिसतं, आणि रविवारी टाकी आणणाऱ्या बापाला बुधवारी तेच पाणी फसवतं. मग निम्म्याहून जास्त पाणी बदललं, साचलेलं नायट्रेट उतरवलं आणि दाजींनी पिशवी काढली, मासे आणायची.

इथे वाचकांना दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिल्या खेपेला हावरटपणा करू नका. टाकीतली वस्ती तुम्ही घातलेल्या अमोनियाच्या मापाची असते, एकदम चाळीस मासे सोडले तर ती पुरी पडत नाही आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पाच-सहा लहान मासे आणा, पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला, मग मासे जाळीने टाकीत सोडा आणि दुकानाचं पाणी मोरीत ओता. पहिला दिवस दाणे टाकू नका. मासा उपाशी मरत नाही, आपल्या प्रेमाने मरतो.

दुसरी गोष्ट पाहुण्यांसाठी. कुणाच्या घरी झाडांनी भरलेली, दिवा लावलेली, फिल्टर चालू असलेली आणि एकही मासा नसलेली टाकी दिसली, तर चहा घ्या, झाडांचं कौतुक करा, गोगलगाय दाखवली तर बघा. पण कृपा करून "मेले का सगळे?" असं विचारू नका. अजून यायचेत.